हवालदाराची एकुलती एक सूट

माझी कवळी एकदा केराच्या डब्यात गेली होती. सुरुवात तिथूनच करतो, कारण आमचा जावई, म्हणजे माझ्या भाचीचा नवरा, कसा माणूस आहे हे सांगायला दुसरी इतकी सोयीची गोष्ट माझ्याकडे नाही.

बायको गेल्यावर मी भाचीच्या घरी, मागच्या खोलीत मुक्काम हलवला. उन्हाळ्याचे दिवस होते. रात्री झोपताना कवळी वाटीत पाण्यात घातली, वर झाकण ठेवलं आणि वाटी फ्रिजमध्ये सरकवली. गार कवळी तोंडात घालण्याचं सुख ज्यांचे दात अजून स्वतःचे आहेत त्यांना कळायचं नाही. सकाळी पाहतो तर वाटी धुऊन पालथी घातलेली आणि कवळी गायब!

"वाटीवर चिठ्ठी नव्हती, मामा," जावई शांतपणे म्हणाला.

"कसली चिठ्ठी?"

"वस्तू कोणाची आणि कधीपर्यंत ठेवायची. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर असते, बघा. नसली तर ती बेवारस. बेवारस वस्तू रविवारी सकाळी निघते."

"अरे, पण दात होते ते! घरात बाकी सगळ्यांचे जागेवर आहेत, मग ते कोणाचे असणार?"

हे मी म्हणालो, म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. दातांशिवाय धड संतापता येत नाही, नुसती वाफ निघते. जावयाने हातमोजे घातले, केराचा डबा उपसला, कवळी शोधली, औषधाच्या पाण्यात बुडवून लख्ख केली आणि मला परत दिली. माफी मात्र मागितली नाही. उलट वाटीवर एक चिठ्ठी चिकटवली: 'कवळी. मामांची. मुदत: मामा असेपर्यंत.'

भाची हसून हसून खाली बसली. "सांगितलं नव्हतं तुला? मी घरात हवालदार आणलाय."

हे नाव तिने दिलेलं नव्हतं, ते त्याच्या ऑफिसातून आलं होतं. तिथे आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले. त्यालाही ते आवडायचं असा माझा संशय आहे. कारण त्याचं काम तेच होतं.

त्याची कंपनी दवाखान्यांचे रिपोर्ट सांभाळायची. रक्ताचे, लघवीचे, एक्स-रे, सगळे. हे सगळं स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे दिवस गेले. आता कुठल्या तरी लांबच्या गोदामात दुसऱ्याची यंत्रं असतात आणि त्यांतली जागा भाड्याने घ्यायची. त्याला क्लाउड म्हणतात. आभाळाशी काही संबंध नाही, मी विचारून घेतलंय. कंपनीतल्या कोणीही चार ओळी टाइप केल्या की हवं तेवढं कपाट, हवं तेवढं यंत्र चुटकीसरशी हजर. आता इतक्या घाईने मिळालेल्या कपाटाला कुलूप लावायचं कोणाच्या लक्षात राहतं? आणि या कपाटाचं दार उघडं राहिलं तर ते शेजाऱ्यापुरतं उघडं नसतं, अख्ख्या जगाला उघडं असतं.

पूर्वी यासाठी कंपनीत एक जाडजूड नियमपुस्तक होतं. वाचलं म्हणून सही सगळ्यांनी केली होती. वाचलं होतं एकट्या हवालदाराने. त्याने काय केलं, ते सगळे नियम एकेक करून कोडमध्ये लिहून काढले, म्हणजे कॉम्प्युटरला समजेल अशा भाषेत, वाचायला माणूस लागू नये असे. कपाट बिनकुलपाचं असेल तर ते बनूच द्यायचं नाही. वस्तूवर मालकाचं नाव नसेल तर लाल खूण. ज्याच्या नावावर आहे तो माणूस कंपनी सोडून गेला असेल तर वस्तू बेवारस. त्या मालकाला एक इशारा पाठवायचा, मग वस्तू बंद करायची, तरी कोणी विचारलं नाही तर पुसून साफ. हे नियम चालवणारं एक छोटं यंत्र त्याने त्याच क्लाउडमध्ये बसवलं होतं आणि ते दिवसरात्र सगळ्या कपाटांवरून फिरायचं. त्या यंत्रावरही मालकाचं नाव होतं, त्याचं स्वतःचं. कारण नियम म्हणजे नियम.

लोकांच्या नाकात दम आणला त्याने. रोज सकाळी प्रत्येकाच्या पडद्यावर लाल खुणांचा सडा. कोणी चिडायचं, कोणी गोड बोलायचं. "एवढं आजच्या दिवस जाऊ दे ना!" असं कोणी म्हणालं की तो खांदे उडवून म्हणायचा, "मला काय विचारता? यंत्राला विचारा."

एकदा मी त्याला छेडलं. "जावईबापू, माणसाला माणसाने विनवायचं सुखही ठेवलं नाहीस की रे."

तेव्हा त्याने मला वडिलांची गोष्ट सांगितली. वडील एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. स्वभावाने लोण्याचा गोळा. पास विसरलेल्या प्रत्येकाला म्हणायचे, "बरं, या वेळेपुरतं." असंच या वेळेपुरतं आत सोडलेल्या कोणीतरी भांडारातून तांब्याच्या तारा नेल्या. खापर फाटकावर फुटलं. ज्यांना ज्यांना आत सोडलं होतं त्यांतला एकही साक्षीला आला नाही. पुढे वडील घरीच असायचे, खिडकीपाशी.

"म्हणून मी असा पहारेकरी केला ज्याला चेहराच नाही," तो म्हणाला. "कोडमध्ये लिहिलेल्या नियमाला नातेवाईक नसतात, मामा. त्याला मेहुणा नसतो."

त्याला मात्र होता. आणि तो मेहुणा म्हणजे माझाच भाचा, आमच्या भाचीचा थोरला भाऊ. घरी सगळ्यांचा दादा, ऑफिसात साहेब. हवालदाराच्या खात्याचा प्रमुख. नोकरी त्यानेच लावली होती, आणि ते तो कधी बोलून दाखवायचा नाही; तसं बोलून दाखवायला बहीण होती. दादा म्हणजे नीट विंचरलेला माणूस. विनोद सांगायच्या आधीच स्वतः हसतो, म्हणजे बाकीच्यांना कळतं कुठे हसायचं. जावई त्याला 'तुम्ही' म्हणायचा, तो जावयाला 'तू'.

एका रविवारी दादा जेवायला आला. हात धुवायच्या आधीच सुरू झाला.

"काय हवालदार, तुझं यंत्र माझं कपाट उघडू देत नाही म्हणे!"

"उघडं कपाट कोणाचंच बनू देत नाही, दादा."

"अरे, मोठं गिऱ्हाईक आहे. अख्खी हॉस्पिटलांची साखळी. त्यांना फोनवर बोट लावलं की रिपोर्ट उघडलेला दाखवायचाय. पासवर्ड नाही, कटकट नाही. आता पाहुण्याला दारात उभं करून मी किल्ली शोधत बसू?"

"कुलूप लावूनही दाखवता येईल. मला दोन दिवस द्या."

"दोन दिवसांत ते दुसऱ्याच्या दारात जातील. आणि त्यात आहे काय? नमुन्याचे रिपोर्ट. खोटी नावं, खोटं रक्त. कोणाचं काय जातंय?"

जावई मग म्हणाला, "मग रीतसर सूट मागा. मागणाऱ्याचं नाव, कारण आणि शेवटची तारीख. तीनही लिहिलं की यंत्र तेवढं कपाट सोडून देईल."

"घाल की मग. नाव तुझं घाल."

"मागताय तुम्ही, दादा."

"माझं नाव दिसलं की वरचे विचारत बसतात. माझ्या बढतीचं चाललंय. तुझ्या नावाकडे कोण बघतो? हवालदाराने दिलेली सूट म्हणजे नक्कीच कायदेशीर!" आणि हसला. कुठे हसायचं ते कळूनही कोणी हसलं नाही.

मग भाची बोलली. वाढता वाढता, नवऱ्याकडे न बघता. "घाल ना रे. दादाने तुला नोकरी लावली तेव्हा कोणाचं नाव घातलं होतं?"

जेवण तसंच टाकून तो उठला आणि लॅपटॉप घेऊन बसला. मी चष्मा लावून त्याच्या मागे उभा राहिलो. चांगली जागा मी कधी सोडत नाही. पडद्यावरचं मला काही कळलं नाही, पण त्याचा हात कळला. एरवी हा माणूस पेटी वाजवल्यासारखा टाइप करतो. त्या दिवशी एकेक अक्षर शोधत होता.

"तारीख?" त्याने विचारलं.

"मोकळी ठेव. गिऱ्हाइकाची सही होईपर्यंत."

"मोकळी ठेवता येत नाही. यंत्र घेत नाही."

"मग वर्षअखेर घाल रे! नकारच किती!"

त्याने वर्षअखेर घातली. आणि लॅपटॉप मिटताना म्हणाला, "या वेळेपुरतं हं, दादा." म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला. भाचीने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, वाढ.

गिऱ्हाईक खूश झालं, सही झाली, दादाने ऑफिसात सगळ्यांना कॉफी पाजली. कपाट तसंच उघडं राहिलं, कारण त्याला वर्षअखेरपर्यंत सूट होती. आणि त्यात काय होतं ते नंतर बाहेर आलं. खोटे रिपोर्ट थोडेच होते, पडदा रिकामा रिकामा दिसत होता, म्हणून दादाच्या माणसांनी भर म्हणून खरे ओतले होते. खरी नावं, खरं रक्त.

कुठल्याशा बाईने सहज म्हणून इंटरनेटवर स्वतःचं नाव टाकलं आणि तिचाच रिपोर्ट समोर आला. जे तिने अजून आईलाही सांगितलं नव्हतं, ते कोणालाही वाचायला खुलं होतं. तिने आकांत केला. चौकशी बसली.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी घरात दिवे लावायचंही कोणाला सुचलं नाही. मी खुर्चीत होतो. ते दोघं पलंगाच्या दोन कडांना.

"दादाचं नाव घेऊ नकोस," भाची म्हणाली.

"त्यांनीच सांगितलं होतं. तू इथेच होतीस."

"मला माहितीये कुठे होते ते. पण नोकरी गेली तर तुला दुसरी मिळेल. तुझ्या हातात विद्या आहे. दादाच्या हातात काय आहे? नुसतं बोलणं! त्याला कोण घेणार?"

भावाचं इतकं अचूक वर्णन मी त्याच्या शत्रूच्याही तोंडून ऐकलं नव्हतं.

"आणि आईचं काय होईल?" ती म्हणाली. "हाय खाईल ती."

"त्या बाईचं काय?"

"कुठल्या बाईचं?"

"जिचा रिपोर्ट होता."

भाची उशीचा अभ्रा सारखा करू लागली. मी म्हणालो, "नाव घे, जावईबापू. ज्याचं त्याच्या पदरात टाक. मी सांगतो, जग काही बुडत—"

"मामा," भाची म्हणाली, "तू दात काढून बस."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला ऑफिसातल्या रिसेप्शनवरच्या बाईने सांगितलं. ती सकाळी आमच्याच बागेत फिरायला येते आणि चालण्यापेक्षा थांबणं जास्त करते, म्हणून आमचं जमतं. चौकशीला वरून एक मॅडम आल्या होत्या. दादा त्यांच्या शेजारी बसून पाण्याचा ग्लास भरत होता. मॅडमनी सूट पडद्यावर उघडली. कोडमध्ये एकदा लिहिलं की कोणी, कधी लिहिलं ते कायम राहतं, आणि ही सोय हवालदारानेच आग्रहाने ठेवलेली.

"कारण लिहिलंय, गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी. तुमचा गिऱ्हाइकाशी संबंध काय?"

"काही नाही, मॅडम."

"मग ही सूट मागितली कोणी?"

खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. रिसेप्शनवरच्या बाईलाही माहीत होतं, आणि ती तर दाराबाहेर होती.

"जे नाव लिहिलंय त्याने," हवालदार म्हणाला.

मग दादाने ग्लास खाली ठेवला आणि भरल्या गळ्याने म्हणाला, "नियम करणाऱ्यानेच नियम मोडावा, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं."

बाई सांगत होती, त्यावर हवालदाराने नुसती मान हलवली. पटल्यासारखी. त्याच दुपारी त्याचं ओळखपत्र काढून घेतलं, पासवर्ड बंद केले, कंपनीच्या माणसांच्या यादीतून नाव पुसलं. काम कोणाच्या हाती सोपवायचं असं त्याने विचारलं, तर दादा म्हणाला, "सोपवायचं काय? सगळं आपोआप चालतंय ना? तूच तर म्हणायचास, माणूस लागत नाही."

दुसरी नोकरी मिळेल असं भाची म्हणाली होती. ज्याच्या हातून दार उघडं राहिलं त्याला पुन्हा दारावर कोण ठेवतो? मुलाखतीत विचारायचे, आधीची का सुटली? हा सांगायचा, सूट दिली म्हणून. कोणाला दिली, का दिली, तिथे मूग गिळून बसायचा. आता तो चौकापलीकडच्या एका कॉपीच्या दुकानात बसतो. लोकांच्या ओळखपत्रांवरचे फोटो कॉम्प्युटरवर सरळ करून देतो. दुकानदार खूश आहे. म्हणतो, इतकी सरळ मुंडकी या भागात कोणी काढत नव्हतं.

घरातल्या चिठ्ठ्या त्याने बंद केल्या. कोणी बंद कर म्हटलं नव्हतं. फ्रिजमध्ये कोणाचंही काहीही, कधीचंही पडून असतं. परवा एका डब्यात काय होतं ते ओळखण्यासाठी भाचीने आणि मी पैज लावली, आणि दोघंही हरलो.

पुढे दादाला बढती मिळाली. केक घेऊन आला. मोठा, वर चॉकलेटची नक्षी. घरात कोणी काही बोललं नव्हतं, त्यामुळे राग धरायलाही कोणाला जागा नव्हती.

"खरं म्हणजे श्रेय तुझं आहे, हवालदार," दादा म्हणाला. अजून हवालदारच म्हणतो. "तू होतास तेव्हा रोज लाल खुणांचा सडा. लोक वैतागले होते. तू गेल्यावर मी सगळ्यांना विश्वासात घेतलं, प्रेमाने सांगितलं. आज एक खूण नाही. शून्य! वरच्यांनी सगळ्यांसमोर माझा पडदा दाखवला. म्हणाले, शिस्त म्हणतात ती ही."

जावयाचा चमचा थांबला. "एकही नाही?"

"एकही नाही."

"हळूहळू कमी झाल्या, का एकदम बंद झाल्या?"

"एकदम. तू गेल्यावर काही आठवड्यांनी. माणसं बदलतात रे, फक्त—"

"दादा, माणसं बदलली नाहीत. तपासणारं यंत्र गेलं." जावयाने बशी खाली ठेवली. कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजाला धार आली होती. "ते माझ्या नावावर होतं. तुम्ही माझं नाव काढलंत. ते स्वतःवरून फिरलं तेव्हा त्याला मालक सापडला नाही. नियमाने ते बेवारस ठरलं आणि त्याने स्वतःलाच बंद केलं. आता लाल खूण करायला तिथे कोणीच नाही."

दादा सवयीने आधी हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, घरी जायची वाट विसरल्यासारखं. "पण इशारा यायला हवा होता ना?"

"आला असेल. इशारा मालकाला जातो. माझी मेलपेटी तुम्ही त्याच दुपारी बंद केलीत."

"अरे गाढवा, मग स्वतःच्या यंत्राला तरी सूट ठेवायची!"

"सूट आयुष्यात एकच दिली, दादा."

भाचीच्या हातातली सुरी केकमध्येच राहिली.

"उद्या जाऊन सांगा," जावई म्हणाला. "इतक्या दिवसांत किती कपाटं उघडी राहिली असतील, कोणाला माहीत. लोकांचे रिपोर्ट आहेत त्यांत. मी येऊन यंत्र पुन्हा लावून देतो. नाव तुमचं घाला."

दादा खिडकीकडे बघत राहिला. उद्या सांगायचं, तर बढती कशावर मिळाली तेही सांगावं लागणार. हे त्याच्या डोक्यात फिरताना आम्हाला दिसत होतं. नीट विंचरलेल्या डोक्यात काही लपत नाही.

"बघतो," तो म्हणाला. "योग्य वेळ बघून, हळूहळू. तोवर हे आपल्या चौघांतच राहू दे. मामा, विशेषतः तू."

माझ्या तोंडात केक होता. त्याला तो होकार वाटला.

"बघतो म्हणतोय ना दादा," भाची म्हणाली, आणि तिने आणखी एक तुकडा कापून नवऱ्याच्या बशीत ठेवला. त्याने भावाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि तो तुकडा खाल्ला.

मी दुसऱ्याच सकाळी बागेत रिसेप्शनवरच्या बाईला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, बातमी दुपारपर्यंत वरच्या मजल्यावर पोचेल आणि एकदाचं भांडं फुटेल. तिने ऐकून घेतलं आणि बुटाची नाडी बांधत म्हणाली, "मामा, तुम्हाला आत्ता कळलं? आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण शून्य कोणाला नकोय?"

चालता चालता मी घरी आलो. त्या शनिवारी मुद्दाम वाटीवरची ती जुनी चिठ्ठी नखाने खरवडून काढली, कवळी वाटीत घातली आणि वाटी फ्रिजमध्ये अगदी पुढे, दुधाच्या शेजारी ठेवली. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. जावई आला. फ्रिज उघडला. वाटी बाजूला केली, दूध काढलं, वाटी पुन्हा होती तिथे ठेवली.

"दिफली का वाटी?" मी विचारलं.

"दिसली."

"चिथ्थी नव्हती तिच्यावल."

त्याने दूध गॅसवर ठेवलं. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "तुमचीच असणार, मामा. असू दे."

मी उठून दात लावले. आता स्पष्ट बोलता येत होतं, पण बोलायला काही सुचेना.